पालथ्या पाट्या

"मुलींच्या पाट्या वेगळ्या ठेवायच्या, आणि का ते विचारायचे नाही."

हायस्कुलात पाऊल टाकले त्या दिवशी मला सांगितलेला हा पहिला नियम. फी, पुस्तके, बसायची जागा हे सगळे नंतर. आता आमच्या बोर्डिंगातल्या मैत्रिणी दुपारच्या चहाला जमल्या की कोणी ना कोणी म्हणते, "अंबू, तुमच्या ठाण्याच्या त्या गणिताच्या चढाओढीचे सांग ना." मी एक किस्सा सांगायला लागते आणि त्याखालून दुसरा निघतो. असे किस्से पाट्यांसारखेच एकावर एक साचतात. मी आधी वरचे काढते. तळाशी आहे तो तसाच राहू दे थोडा वेळ.

चढाओढ म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचे कळायचे नाही. दर वर्षी थंडीत ठाण्याच्या आणि कल्याणच्या हायस्कुलांतली वरच्या वर्गांची मुले एका दालनात बसत. निवृत्त मामलेदार रावसाहेब मोठ्याने गणित सांगत. ज्याचे आधी होईल त्याने उठून मधल्या सतरंजीवर आपली पाटी पालथी ठेवायची. दुसऱ्याने तिच्यावर. तिसऱ्याने त्याच्यावर. वेळ संपली की शिपाई सगळा ढीग एकदम उलटा करी, म्हणजे सर्वांत आधी ठेवलेली पाटी वर येई, उताणी. उत्तर बरोबर असले तर तो पहिला. चुकले असले तर ती बाजूला, आणि खालची पाहायची. अशी तीन गणिते. पहिल्या दोहोंत चुकला तो बाद, तिसऱ्यात वर आला तो विजयी.

रीत झकास आहे. कोणाला वशिला चालत नाही, कोणाला ओरडून सांगता येत नाही. ढीग खोटे बोलत नाही.

फक्त मुलींचा ढीग खिडकीपाशी, निराळ्या चटईवर. मुलांच्या ढिगात आपली पाटी कितवी पडली असती, ते त्या चटईवरून ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

ठाण्यात मुलींची शाळा पाचवीला संपे. पुढे शिकायचे तर मुलांच्या हायस्कुलात, दाराजवळच्या बाकावर. त्या बाकावर आम्ही दोघी होतो. मी, आणि माझी मैत्रीण द्वारका.

* * *

गणिताच्या मास्तरांना सगळे अण्णा मास्तर म्हणत. चढाओढीची तयारी तेच करून घेत. माणूस कष्टाळू, पण 'का' या शब्दाची त्यांना शिसारी होती.

अपूर्णांकाचा भागाकार चालला होता. मास्तर म्हणाले, "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचे."

द्वारका उभी राहिली. "उलटा का करायचा, मास्तर?"

"पुस्तकात तसे आहे."

"पुस्तकवाल्याने का केला?"

"त्याला त्याच्या मास्तरांनी सांगितले. बस खाली."

द्वारका बसली, पण गप्प बसणारी नव्हती. मधल्या सुटीत तिने डब्यातली भाकरी काढली, अर्धी केली आणि मुलांच्या बाकाकडे तोंड करून म्हणाली, "ही अर्धी. हिच्यात पाव भाकऱ्या किती?" पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "दोन." द्वारकेने अर्धीचे दोन तुकडे केले. "म्हणजे अर्ध्याला पावाने भागले तर दोन. अर्ध्याला चारांनी गुणले तरी दोन. झाला ना उलटा?"

सहा वर्षे घोकून जे कळले नव्हते ते वर्गाला एका भाकरीत कळले. मुले उठून तिच्या बाकाभोवती उभी राहिली. एवढ्यात मास्तर आले. त्यांनी भाकरीकडे पाहिले, मुलांकडे पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून नवा नियम निघाला.

वर्गात भाकरी आणायची नाही.

* * *

आमच्या घरी गणिताची मक्तेदारी माझ्या चुलतभावाकडे, विष्णूकडे होती. काका वकील, शिवाय चढाओढीच्या कमिटीवर. त्यामुळे विष्णूने नाव काढायचे हे त्याच्या जन्माआधीच ठरले होते. काका रोज पहाटे त्याला ओटीवर बसवून पाढे म्हणून घेत. साधे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, आणि सगळ्यांत वाईट ती औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा.

"एके औटे औट. बे औटे सात. तीन औटे साडेदहा." इथपर्यंत विष्णू घोड्यासारखा धावे. विसाच्या पुढे लंगडे. सत्ताविसाला हटकून बसे.

त्या वेळी आई आणि मी आत जात्यावर असू. भिंत कुडाची, सगळे ऐकू यायचे. मला ती औटकी केव्हा पाठ झाली ते माझे मलाच कळले नाही. विष्णू सत्ताविसाला अडला की काकांची छडी हाले, आणि मला त्याची दया येई. म्हणून मी जात्याचा खुंटा धरून गात असे:

"सत्तावीस औटे गं बाई साडेचौऱ्याण्णव, माझ्या दळणाला नाही सर गं."

ओटीवरून विष्णूचा आवाज लगेच येई, "सत्तावीस औटे साडेचौऱ्याण्णव."

आई खाली पाहून हसत असे आणि मूठभर दाणे टाकत असे. असे एक वर्षभर चालले. एकदा काकांकडे कल्याणचे कोणी पाहुणे मुक्कामाला होते. त्यांना काका अभिमानाने म्हणाले, "आमच्या घरची शिस्त पाहा. पहाटे मुलगा पाढे म्हणतो आणि बायका ओव्या गातात. ज्याचे काम त्याने करावे."

* * *

आमच्या वर्गात दामू नावाचा मुलगा होता. कोपरीकडचा, मिठागरवाल्यांचा. त्यांच्या घरातला हायस्कुलात आलेला तो पहिलाच. गणितात आम्हा सगळ्यांत वेगवान तो आणि द्वारका. त्याची पाटी मुलांच्या ढिगात पडू द्यायची की नाही यावरही कमिटीत एकदा खल झाला होता म्हणे. पण दुसरा ढीग आधीच मुलींना देऊन झाला होता, तिसरी चटई कुठून आणणार? म्हणून दामू मुलांत.

घनफळाचा धडा आला तेव्हा अण्णा मास्तर वर्गाला खाडीकाठच्या मिठागरावर घेऊन गेले. आम्ही दोघींनी बांधावरून पाहायचे, खाली उतरायचे नाही. दामूच्या आज्याने मिठाचा एक मोठा ढीग दाखवला. मास्तरांनी दोरी लावली, घेर मोजला, उंची मोजली, पाटीवर आकडे मांडले आणि जाहीर केले, "एकेचाळीस खंडी."

आज्याने कोपरापर्यंत हात ढिगात खुपसला, बाहेर काढला, बोटे चोळली, ढिगाभोवती एक फेरी घातली. "छत्तीस. वर दोन-चार टोपल्या."

मास्तर हसले. मुलेही हसली. दामू मान खाली घालून उभा होता.

दोन दिवसांनी तो ढीग गाड्यांत भरला तेव्हा मास्तरांनी वर्गाला मुद्दाम पुन्हा नेले, आज्याची चूक दाखवायला. वजन झाले. छत्तीस खंडी आणि तीन टोपल्या.

म्हातारा मास्तरांना काही लागेल असे बोलला नाही. एवढेच म्हणाला, "मास्तर, तुमचा इसाब बराबर हाय. पन पाटीवरचं मीठ सुकं आसतं. माजं वल्लं हाय. ते पानी सोडतं."

मास्तरांनी लगेच वही काढली. मला वाटले, आता हे लिहून घेतील. बांधावरून परत जाताना मी त्यांच्या मागून वाकून पाहिले. त्यांनी लिहिले होते: 'ढीग नियमानुसार रचलेला नव्हता.'

* * *

आता आमच्या पहिल्या चढाओढीची गोष्ट. ठाण्यातच होती.

रावसाहेबांचा घड्याळावर विश्वास नव्हता. ते म्हणत, "घड्याळ साहेबाचे, पाणी आपले." म्हणून लग्नात मुहूर्तासाठी मांडतात ते घटिकापात्र ते जोश्यांकडून आणवत. पाण्याचे घंगाळ, त्यात बारीक भोकाची तांब्याची वाटी. वाटी भरून बुडाली की घटका संपली. वाटी बुडेपर्यंत दालनात कोणी एक शब्द बोलायचा नाही, कमिटीनेसुद्धा नाही. हा नियम रावसाहेबांनीच केलेला, आणि तो ते स्वतः कडक पाळत.

त्या वर्षी तिसरे गणित सांगून झाले, वाटी पाण्यावर सोडली. आम्ही गणित केले. मुलांनी पाट्या ठेवल्या. द्वारकेने आमच्या चटईवर ठेवली, मी तिच्या पाटीवर ठेवली. आणि सगळे वाटीकडे पाहत बसलो.

वाटी बुडेना.

भिंतीवर साहेबाचे घड्याळ होते. त्याच्याप्रमाणे एक घटका झाली, दोन झाल्या, तिसरीही झाली. वाटीच्या भोकात कसला तरी कचरा अडकला होता, हे खिडकीपाशी बसलेल्या आम्हाला स्पष्ट दिसत होते. कमिटीला दिसत नव्हते. काका पेंगत होते. मास्तर छताकडे पाहत होते. रावसाहेब ताठ बसून पाण्याकडे पाहत होते, जणू ते त्यांच्या कचेरीतले आहे आणि हुकूम झाल्याशिवाय हलायचे नाही. मुले एकमेकांना कोपराने ढोसत होती. पण बोलणार कोण? बोलला तो बाद.

द्वारकेने माझी पाटी जरा बाजूला सरकवली, खालच्या आपल्या पालथ्या पाटीच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिले, 'वाटीच्या भोकात कचरा आहे', आणि पाटी न उचलता तशीच उघडी राहू दिली. कोणालाही दिसेल अशी.

कोणी पाहिले नाही. मुलींच्या चटईकडे वाटी बुडण्याआधी पाहायचे कारणच काय?

शेवटी शिपाई दिवाबत्तीसाठी आत आला, त्याने पाण्यात बोट घातले आणि वाटी बुडवली. त्याच्यामुळे आम्ही घरी गेलो. निकाल लागला: मुलांत कल्याणचा एकजण पहिला, मुलींत द्वारका पहिली, मी दुसरी. मग मास्तर पाट्या परत द्यायला आले. द्वारकेची पाटी हातात घेऊन त्यांनी वाचली.

"अगं, हे आधी नाही का सांगायचे?"

* * *

त्याच उन्हाळ्यात द्वारका सासरी गेली. तिचे लग्न लहानपणीच झाले होते, आता तिला न्यायला आले. पाटी ती माझ्याकडे ठेवून गेली. माझी फुटकी होती, म्हणून. "चांगली आहे," म्हणाली, "जपून वापर. मागच्या बाजूला लिहू नकोस, कोणी वाचत नाही."

बाकावर मी एकटी उरले. त्यानंतर काकांनी घरात विषय काढला की आता अंबूचेही पुरे. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या मालगुदामात कारकून. स्वभावाने मऊ, काकांपुढे तर लोणी. त्या दिवशी मात्र ते मला जवळ घेऊन म्हणाले, "असे कर. चढाओढीत पहिली ये. पहिली आलीस तर मी तुला मॅट्रिकला बसवीन. मग काकाही काही म्हणणार नाही. नाही आलीस तर घरी बस. कबूल?"

मी कबूल केले. मॅट्रिक म्हणजे पुढे कॉलेज. तो एक शब्द मिळाल्यावर दुसरे काय हवे होते? मी त्या वर्षी चुलीपुढे बसून राखेत गणिते केली.

चढाओढ कल्याणला होती. आम्ही आगगाडीने गेलो. तिथल्या मंडळींनी मुलगी येणार म्हणून खास सोय केली होती. मला दालनात न बसवता बाजूच्या खोलीत बसवले, मध्ये बांबूच्या कामट्यांचा, चिकाचा पडदा. गणित ऐकू येत होते, दिसत काही नव्हते. तिसऱ्या गणिताची पाटी मी चटईवर ठेवली. मुलींचा ढीग एका पाटीचा.

ठेवून मागे आले आणि लक्षात आले, मी हातचा विसरले. उत्तर चुकले. पालथी पाटी पुन्हा उचलायची नसते, हाही नियम. मी तिथेच पडद्यामागे रडले. मॅट्रिक गेले, कॉलेज गेले, एका हातच्यापायी.

थोड्या वेळाने दालनातून रावसाहेबांचा आवाज आला. "मुलांत ठाण्याचा दामू पहिला. मुलींत अंबू पहिली."

मी पडदा बाजूला सारून बाहेर आले. "रावसाहेब, माझे उत्तर चुकले आहे."

ते क्षणभर गोंधळले. मग मायेने हसले. "असू दे बाळ. मुलींना एवढे चालते."

माझी पाटी कोणी उलटी केलीच नव्हती. ती चटईवर तशीच पालथी होती.

दामूला बक्षीस लॉगरिथमचे पुस्तक मिळाले, जाड पुठ्ठ्याचे. मला कुंकवाचा करंडा. येताना गाडीत आबांनी तो करंडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "छान आहे हो." मी विचारले, "मग मॅट्रिक?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मुलींत नव्हे गं. एकंदर पहिली."

मला तेव्हा राग आला नाही. उत्तर खरेच चुकले होते. मी म्हटले, ठीक आहे, पुढच्या वर्षी एकंदर.

* * *

राग आला तो त्यानंतर पावसाळा संपता संपता, एका रविवारी सकाळी. आबा ओटीवर हजामतीला बसले होते. काका शेजारी सुपारी कातरत होते. मी आत तांदूळ निवडत होते, आणि कुडाची भिंत तीच.

काका म्हणाले, "तू त्या पोरीला शब्द देऊन बसलास. उद्या खरेच पहिली आली म्हणजे?"

आबा म्हणाले, "कशी येईल? तिची पाटी वेगळीच असते."

न्हाव्याचा वस्तरा चालत होता, काकांचा अडकित्ता चालत होता. माझे हात मात्र सुपावर थांबले. मग तेही चालू लागले. दुसरे काय करणार?

खोटे बोलणाऱ्या माणसाशी भांडता येते. आबा खोटे बोलले नव्हते. मला पहिली ये म्हणाले होते, आणि पहिली येण्याची जागा जिथे नाही तिथे मला बसवून ठेवले होते. तेही प्रेमाने.

आईने सुपात हात घातला आणि खडे शोधू लागली. तिनेही ऐकले होते. ती एवढेच म्हणाली, "मुलांची सतरंजी किती लांब असते गं खिडकीपासून?"

मी म्हटले, "दहा पावले."

"बरं," ती म्हणाली, "तांदूळ झाले की डाळ घे."

* * *

तिसऱ्या चढाओढीच्या आधी मी एक काम केले. नियमाचे कारण विचारायचे नाही असे सांगितले होते, म्हणून प्रत्येकाला वेगवेगळे गाठून विचारले.

अण्णा मास्तर म्हणाले, "पूर्वापार चालत आलेले आहे." चढाओढ सुरू होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

काका म्हणाले, "नियमाला कारण सांगत बसले तर तो नियम कसला? ती मग चर्चा झाली." वकील माणूस, त्यांच्याशी कोण बोलणार?

रावसाहेबांनी मात्र मला खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतले आणि खरे कारण सांगितले. "हे बघ बाळ. मुलाला आपली पाटी मुलीच्या पाटीवर ठेवावी लागली, तर त्याला आपण मागे पडलो असे वाटते. लहान वय असते, मनाला लागते. मुलांचे मन जपावे लागते."

"आणि मुलींचे?"

त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. "मुलींना कळतच नाही ना, आपण कितव्या आलो. मग लागेल कशाला?"

हे सगळे मी परत येताना वाटेत दामूला सांगितले. तो आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. आम्ही बोलत नसू फारसे. तो म्हणाला, "बाय, पयल्या वर्साला द्वारकाबायची पाटी माज्या आदी पडली व्हती. मी बगली. मी कोनाला बोललो नाय." आणि मग, "माला लागलं नव्हतं."

* * *

आता तळाची पाटी.

तिसरी चढाओढ पुन्हा ठाण्यात. तेच दालन, खिडकीपाशी तीच चटई. समोर टेबलामागे रावसाहेब, काका, अण्णा मास्तर, आणि पालकांच्या खुर्च्यांत आबा. घंगाळात पाणी भरलेले, वाटी या वर्षी शिपायाने दोनदा धुऊन आणलेली.

पहिली दोन गणिते झाली. माझ्या पाट्या मी चटईवर ठेवल्या, मुकाट्याने. त्या वर्षी मास्तर त्या उलट्या करून पाहत होते, गेल्या वर्षीच्या बोभाट्यानंतर तेवढी सुधारणा झाली होती. दोन्ही बरोबर. मुलांतले बरेच बाद झाले, अकरा उरले. त्यांत दामू होता, विष्णू होता.

रावसाहेबांनी तिसरे गणित सांगितले. "साडेसतरा मण मीठ भरलेली एक गाडी, अशा सत्तावीस गाड्या आगरातून निघाल्या. वाटेत आठवा हिस्सा मीठ पाणी होऊन गळाले. मुक्कामी किती खंडी, किती मण, किती शेर पोचले?"

दामूने मान वर केली. आज्याचे ओले मीठ शेवटी गणितात आले होते, आज्याचे नाव सोडून.

वाटी पाण्यावर सुटली. आता कोणी बोलायचे नाही.

साडेसतरा म्हणजे पाच औट. सत्तावीस औटे मला मांडायचे नव्हतेच, ते जात्यावर केव्हाच दळून झाले होते. साडेचौऱ्याण्णव. त्याचे पाचपट चारशे साडेबहात्तर. आठवा हिस्सा एकोणसाठ मण अडीच शेर. तो वजा, मग चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी. पलीकडे विष्णू ओठ हलवत होता आणि भिंतीकडे बघत होता. सत्ताविसाशी अडला होता बिचारा, आणि भिंतीआड जाते नव्हते.

मी उत्तर लिहिले. हातचा पुन्हा पाहिला. उठले.

खिडकीकडे न वळता सरळ गेले. दहा पावले. सतरंजी रिकामी होती. मी द्वारकेची पाटी तिच्या मधोमध पालथी ठेवली आणि जागेवर येऊन बसले.

काका अर्धे उठले. त्यांचे तोंड उघडले. रावसाहेबांनी हात वर केला आणि वाटीकडे बोट दाखवले. वाटी तरंगत होती. काका खाली बसले. मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आबा माझ्याकडे पाहत होते आणि हळूहळू मान हलवत होते, नको, नको.

सतरंजीवर एकच पाटी. मुलांना कळेना काय करावे. कल्याणच्या दोघांची गणिते झालेली दिसत होती, पण ते पाट्या छातीशी धरून बसून राहिले. मुलीच्या पाटीवर आपली कशी ठेवायची? आणि न ठेवावी तर मागचा पुढे जाणार.

दामू उठला. सावकाश गेला. माझ्या पाटीवर आपली पाटी ठेवली, कडेला कड नीट जुळवली आणि परत आला.

मग एकच झुंबड उडाली. कल्याणचे दोघे धावले, त्यांच्यामागून बाकीचे. विष्णू सर्वांत शेवटी. बारा पाट्यांचा ढीग झाला आणि वाटी अजून तरंगत होती. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. पाणी आत चढत होते, कडेपाशी आले, आणि वाटी एक गुळगुळीत आवाज करून बुडाली.

"हे चालणार नाही," काका लगेच म्हणाले. "रावसाहेब, हे..."

"आधी ढीग उलटा," रावसाहेब म्हणाले. रीत म्हणजे रीत.

शिपायाने खालून हात घातले, वर छाती टेकवली आणि ढीग पालथा केला. माझी पाटी वर आली. रावसाहेबांनी वाकून वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. 

मागून दामूचा आवाज आला. "बराबर हाय का, रावसाहेब?"

"वीस खंडी, तेरा मण, साडेसतरा शेर," रावसाहेब म्हणाले. आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून, "बरोबर आहे." मग ते माझ्याकडे वळले. आवाज गोडच होता. "अंबू, बाळ, चूक झाली असेल घाईत. ये, आपली पाटी उचल आणि चटईवर ठेव. मग पुढची मोजू."

"ऊठ, अंबू," आबा म्हणाले. "हट्ट करू नये. ऊठ."

मी उठले. ढिगापाशी गेले. सगळ्यांना वाटले, उचलते आहे.

"आबा," मी म्हटले, "ही एकंदर आहे. मी उचलणार नाही. ज्यांना पहिली पाटी नको असेल, त्यांनी आपल्या हाताने उचलून बाजूला ठेवावी. मी इथे उभी राहून पाहते."

काकांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी रावसाहेबांकडे. रावसाहेबांनी आपल्या हातांकडे. आबा खाली पाहत होते.

वाटी केव्हाच बुडाली होती. बोलायला आता कोणालाच मनाई नव्हती.